पायजोड

ऐक. नुसतं ऐक. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझा श्वास तुटेल, आणि श्वासाबरोबर गोष्टही.

मार्गशीर्षातली दुपार. ओहोटीनं मागं ओढलेली खाडी, आणि खाडीनं मागं टाकलेला प्रकाश. मैलभर सपाट, नुसतं सपाट. चिखलाचे चौकोन, चौकोनांना बांध, बांधांवर बगळे, आणि बगळ्यांच्या वर आकाश, इतकं धुतलेलं, इतकं उपडं, की वाटावं, कुणीतरी काचेचं भांडं आपल्यावर पालथं घातलंय आणि वाकून बघतंय.

वारा नाही. आवाज नाही. माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाऊन लपते ना, ती वेळ. जुनी माणसं या वेळेला बांधावर एकटी जात नाहीत. अंधाराला निदान कोपरे असतात गं. या उजेडात काहीच लपत नाही. जे असतं ते समोर उभं असतं, लख्ख, निश्चल, आणि तरी दिसत नाही.

हे खारवणे गावाचं मिठागर. मीठ अजून जन्मायचं होतं. चार महिने पाण्याखाली सुजलेली जमीन नुकती उघडी पडलेली, काळी, ओली, लोण्यासारखी मऊ. मीठ पिकवायचं तर ती तुडवावी लागते, पायांनी, दिवसचे दिवस. तुडवून तुडवून वाफ्याचा तळ दगडासारखा करायचा, पाटासारखा सपाट करायचा; मग खाडीच्या तोंडाला जी उघाडी असते, तिची लाकडी फळी उचलायची, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाच्या स्वाधीन करायचं. तळ पक्का, तर मीठ चांदण्यासारखं. तळ कच्चा, तर मीठ काळं, गढूळ, दाताखाली माती.

आणि म्हणून खारवण्यात पत्रिका नंतर. आधी पायजोड.

म्हणजे कसं, पोरगा आणि पोरगी, दोघांनी मिळून एक वाफा तुडवायचा. तीन दुपारी. हातात हात नाही, नुसते पाय. तिसऱ्या दुपारी मिठागराचा जुना मुकादम, जोमाकाका, बांधावर उकिडवा बसून तो तळ वाचतो. कुणाची टाच खोल रुतली, कुणाची बोटं बिचकली, कुणी कुणाला वाट दिली, कुणी कुणाची अडवली. त्याचं बोलून झालं की निकाल पोरीचा. पटलं, तर तिनं स्वतःच्या हातानं फळी उचलायची. पाणी आत आलं, की होकार. फळी जागची हलली नाही, तर तो वाफा त्या वर्षी कोरडा. कुणी काही विचारत नाही.

"पत्रिका भटजी वाचतो," जोमाकाका म्हणायचा, "पाय आगर वाचतं. आणि आगर दक्षना मागत नाय."

त्या वर्षी वाफा होता भाविकाचा. भाविका घरत, सव्वीस वर्षांची. उन्हानं तापवलेली, खाऱ्या वाऱ्यानं घासलेली, आवाज असा की या काठावरून हाक मारली तर त्या काठाचे बगळे उठावेत. आणि चाल! डावा पाय आधी, टाच आधी, बोटं जराशी बाहेर वळलेली. आणि दर चौथ्या पावलाला एक इवलीशी उडी. लहानपणी बांध ओलांडता ओलांडता अंगात भिनलेली. सपाट रस्त्यावरसुद्धा ती तशीच चालायची, जणू तिच्या वाटेत सगळीकडे बांध आहेत, आणि ते फक्त तिलाच दिसतात.

त्या चालीनंच घात केला होता. चार वर्षांत तीन पायजोडी मोडलेल्या. पहिला तिच्यापुढं दहा पावलं धावायचा आणि मागं बघून कपाळाला आठ्या घालायचा. दुसऱ्याला चिखलाची किळस. तिसरा तर दुसऱ्याच दुपारी बांधावर चढून म्हणाला, "हिच्यासोबत कोन नाचनार? ही उड्या मारते!" लोक हसले. भाविकाही हसली, सगळ्यांत मोठ्यानं हसली. आणि घरी जाऊन न्हाणीच्या दगडावर पाय धुत बसली, धुत बसली, धुतच बसली, चिखल कधीच गेला होता तरी.

गावात म्हणायला लागले, पोरीच्या पायाला जोड नाय.

एवढंच गं. एवढंसं वाक्य. पण मिठाचा खडा जखमेवर केवढा असतो? एवढासाच असतो.

तर या वर्षी आला हर्षद ठाकूर. खाडीपलीकडचा, कंटेनर यार्डात कामाला. गोरटेला, शांत, डोळे पाण्यासारखे, म्हणजे खरंच पाण्यासारखे. ज्याच्याकडे बघतील त्याचा रंग घेणारे. बरोबर त्याची आई, गुलाबबाय. बांधावरून दोघं येत होते तेव्हा भाविकानं पाहिलं, आई डावा खांदा पाडून, डावी टाच किंचित ओढत चालतेय. आणि मागून पोरगा येतोय, डावा खांदा पाडून, डावी टाच किंचित ओढत. घराण्याची चाल असेल, तिला वाटलं. असते एकेका घराची.

पहिली दुपार. दोघं वाफ्यात उतरली. चिखल घोट्यापर्यंत थंड, डोक्यावर ऊन पेटलेलं. खाली पाताळ, वर अग्नी, आणि मध्ये दोन अनोळखी माणसं. भाविकानं डावा पाय टाकला. त्यानं टाकला. तिनं उजवा. त्यानं उजवा. पहिल्या रांगेत तो जरा अडखळला. दुसऱ्या रांगेत नाही. तिसऱ्या रांगेच्या चौथ्या पावलाला तिची ती उडी आली, आणि तिनं मान खाली घातली, आता हसेल म्हणून.

तो हसला नाही. त्यानं उडी मारली.

थप्. थप्. थप्. थुप्! थप्. थप्. थप्. थुप्! दोघांच्या पायांचा एक आवाज. काळ्या चिखलाचा मृदंग, आणि त्यावर एकच वाजवणारा. भाविकाच्या छातीत काहीतरी उमललं, पांढरं, थरथरतं, मिठाच्या पहिल्या कणासारखं. ती हसली. तोही हसला, त्याच सुरात, त्याच ठिकाणी थांबत. केवढं गोड वाटलं तिला ते! आयुष्यभर एकटीच वाजत आलेल्या घंटेला पहिल्यांदा प्रतिध्वनी मिळाला होता.

"आये," घरी जाऊन ती ओट्यापाशी धापा टाकत म्हणाली, "जुळतो गं तो. माझ्यासारखा उडी मारतो!"

"मंग टाकू का पापड वाळत?" आई म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

आता दुसरी दुपार. नीट ऐक.

आभाळ तेच, बगळे तेच, तेच काचेचं भांडं पालथं. दोघं तुडवत होती. अर्धा वाफा झाला तेव्हा भाविका दम खायला थांबली, वळली आणि सहज मागं पाहिलं.

मागं तिचीच पावलं होती.

फक्त तिची. डावं, उजवं, डावं, आणि चौथ्याला ते उडीचं खोल पाऊल. एक ओळ. माणसं दोन, आणि ओळ एक. तिला वाटलं, ऊन लागलं. तिनं डोळे चोळले. मग ती मान मागं वळवून त्याच्या पायांकडे बघत चालायला लागली, आणि तिला दिसलं. ती पाऊल उचलायची, आणि ते भरायच्या आत, चिखल मिटायच्या आत, त्याचं पाऊल त्या साच्यात अलगद उतरायचं. टाचेला टाच. बोटाला बोट. एक केसभर इकडं नाही, एक केसभर तिकडं नाही. आणि तो खाली बघतसुद्धा नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, प्रेमानं.

अंगावर काटा आला ना? तिच्याही आला. भर उन्हात आला.

मग तिनं गंमत केली. म्हणजे, तिनं स्वतःला सांगितलं की ही गंमत आहे. ती लंगडली. तो लंगडला. ती थबकली, तो थबकला. तिनं डोळे मिटून पाऊल टाकलं आणि कानोसा घेतला. दुसरं पाऊल ऐकूच आलं नाही, एवढं ते तिच्या पावलात मिसळलेलं. तिच्या मानेवर डास चावला. तिनं हात उचलायच्या आधीच हर्षदनं आपली मान खाजवली. त्याच जागी.

"मला ना," ती हळूच म्हणाली, "मला मासे अज्याबात आवडत नाहीत."

खोटं. धडधडीत खोटं. मासळीशिवाय तिचा घास उतरत नव्हता.

जेवायला भाविकाच्या घरी पानं मांडली. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं लालजर्द कालवण, वास असा की उंबऱ्यापाशी मांजर तपश्चर्येला बसलेलं. हर्षदनं वाटी दोन बोटांनी बाजूला सारली.

"हे काय रे बाबा?" आई म्हणाली. "आगऱ्याच्या पोटी जन्मून बोंबील नको? घसा बिसा दुकतोय का?"

"नाही मामी. मला मासे आवडत नाहीत."

सगळे हसले. फक्त भाविका हसली नाही. आणि गुलाबबाय हसली नाही.

जेवणं झाल्यावर परसात, माडाखाली, ती त्याच्यासमोर उभी राहिली. "हर्षद, खरं सांग. तुला काय आवडतं?"

"तू सांग ना."

"मी नाही. तू. आठ वर्षांचा होतास तेव्हा काय आवडायचं?"

तो विचार करायला लागला. खरंच करायला लागला. त्याच्या कपाळाची शीर ताणली, ओठ उघडले, मिटले, उघडले. विहिरीत पोहरा सोडावा, दोर संपत जावा, संपत जावा, आणि पाणी लागूच नये, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर खाली खाली जात राहिलं. मग तो म्हणाला, "आयला पेरू आवडायचे."

एवढंच. ना लबाडी, ना लाज. नितळ, निरागस, निर्जन चेहरा. ते वाईट माणसाचं तोंड नव्हतं गं! तेच तर. वाईट असता तर तिनं दोन शिव्या घालून वाटेला लावला असता.

तोंडावर पाणी मारायला ती पिंपापाशी गेली, तर तिथं गुलाबबाय आधीच उभी. डावा खांदा आता पडलेला नव्हता. डावी टाच ओढत नव्हती. वीस वर्षांचं ओझं उतरवून ठेवल्यासारखी ती सरळ उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत एक भयंकर सुटका होती.

"बगितलंस ना?" ती पुटपुटली. "काल सकाळपर्यंत माज्यासारखा चालायचा. आता तुज्यासारखा चालतो."

"मावशी, हे असं... लहानपणापासून?"

"याचा बापूस गेला, तवा हा पाच वर्सांचा. दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी मी रडायची थांबले, तर हा पन थांबला. तवापासून असाच. मी जेवले की याचं पोट भरतं. मना ताप आला की हा अंथरुनात. कंदी उलट बोल्ला नाय, कंदी हट्ट नाय. लोक म्हंतात, नशीबवान आय." तिनं भाविकाचा ओला हात धरला, घट्ट, थंड, गयावया करणारी पकड. "जीव लावतो गं. खरंच लावतो. पन मी दमले पोरी. दोघांचं मी एकटीनंच जगून दमले."

माडाची झावळी हलली नाही. कावळा ओरडला नाही. दुपार तशीच उभी राहिली, पांढरी, अवाक्, कान देऊन.

तिसरी दुपार आली.

बांधावर गाव लोटलं होतं. बायका पदराची सावली करून, पुरुष टोप्या मागं सारून. वाफा तुडवून झाला होता, गुळगुळीत, काळाभोर, आरशासारखा. आणि त्या आरशात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकाच माणसाची पावलं. जोमाकाका उकिडवा बसला. त्यानं बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत बघितलं. बांधावरून तो वाफ्याला पूर्ण फेरी घालून आला.

"काय रे जोमा, काय म्हंतो तळ?" कुणीतरी ओरडलं.

"दोन पाय हाईत," जोमाकाका म्हणाला.

आणि गाव फुटलं! "जुललं! एक जालं! असं कंदी बगितलं नव्हतं! लक्ष्मीनारायन!" कुणी हळद आणायला धावलं, कुणी भाविकाच्या आईला मिठी मारली. जिच्या पायाला जोड नव्हती, तिला अशी जोड मिळाली, की जोडाची रेघसुद्धा दिसेना.

जोमाकाका मात्र भाविकाजवळ आला आणि हळू म्हणाला, "पोरी, चाळीस वर्सं तळ वाचतोय. भांडकुदळ पाय वाचले, भित्रे वाचले, एक घरचा नि एक दारचा वाचला. दोन मानसं चालली की चार पाय उमटतात. कुटं आडवे, कुटं तिडवे, पन चार. हे मना वाचता येत नाय. तुजं तू बग."

तिचं तिनं बघायचं होतं.

भरती लागली होती. खाडी परत येत होती, हळूहळू, चकाकत, जिभेसारखी. उघाडीच्या फळीला पलीकडून पाणी टेकलं होतं आणि फटींतून बारीक श्वास टाकत होतं. भाविका फळीपाशी गुडघ्यावर बसली. शेजारी हर्षद बसला. तिनं फळीवर हात ठेवला. त्यानं ठेवला, तिच्या हाताशेजारी, तितकाच, तसाच.

आणि सगळं तिच्या मनात एकदम भरून आलं. तीन मोडलेल्या पायजोडी. ते बांधावरचं हसू. न्हाणीचा दगड. हा गेला तर पुन्हा कोण येणार? हा कधी पुढं धावणार नाही, कधी आठ्या घालणार नाही, तिच्या उडीला कधी हसणार नाही. ती म्हणेल ते हो, ती जाईल तिथं वाट. आयुष्यभर एक ओळ. आणि त्या ओळीत ती बोलेल आणि तिचंच ऐकेल, ती रडेल आणि समोर तीच रडेल, ती म्हातारी होईल आणि शेजारच्या उशीवर तिचाच म्हातारा चेहरा. आणि एखाद्या दुपारी, अशाच दुपारी, ती विचारेल, कुणी आहे का घरात? आणि घर तिच्याच आवाजात विचारेल, कुणी आहे का घरात?

"हर्षद," ती म्हणाली, "तू उचल फळी."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"मी हात काढतेय. तुला मी हवी असेन तर तू उचल. गाव काही म्हणू दे, रीत मोडू दे. एकदा, एकदाच, माझ्या आधी काहीतरी कर."

तिनं हात काढला.

त्याचा हात फळीवर राहिला. एक श्वास. दोन श्वास. बोटं पांढरी पडली. आणि त्या पाण्याच्या डोळ्यांत खूप खोल, खूप लांब, पाच वर्षांचं काहीतरी वर यायला धडपडलं, वर, आणखी वर, अगदी पृष्ठभागाखाली येऊन काचेला नाक लावून उभं राहिलं. भाविकाला ते दिसलं. शप्पथ सांगते, दिसलं. ती ओरडली, "उचल!"

आणि तिनं ओरडताना मूठ आवळली, म्हणून त्यानं मूठ आवळली. फळीवरचा हात सुटला.

बस्स. बांधावरचा गलका विझत विझत शांत झाला. भाविका उठली. तिनं मान हलवली, नाही म्हणून. आणि समोर त्यानं मान हलवली, नाही म्हणून. गुलाबबाय पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसली. पाणी फळीला टेकून वर चढत राहिलं, आणि वाफा कोरडा राहिला.

मग तो निघाला, खाडीच्या बाजूनं, एकटा. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. बांधावरून तो चालला होता. डावा पाय आधी, टाच आधी, बोटं जराशी बाहेर. थप्, थप्, थप्, आणि चौथ्याला ती इवलीशी उडी. इतकी हलकी, इतकी सुंदर, की भाविकाला पहिल्यांदा कळलं, आपण चालताना कशा दिसतो. ही चाल लोकांना हसण्यासारखी वाटली?

तिनं घराकडं तोंड केलं. निघायचं होतं. आणि तिला आठवेना, आधी कुठला पाय.

तिनं डावा उचलला. तो परका वाटला. उजवा उचलला, तो जड, मुका, कुणाचा तरी. सरळ बांध, सपाट वाट, सव्वीस वर्षांची ओळखीची माती, आणि ती तिथं उभी, नुकत्या उभ्या राहिलेल्या पोरासारखी, दोन्ही हात हवेत धरून. तिकडे तिची चाल तिच्याशिवाय लांब लांब जात होती, पांढऱ्या उजेडात बारीक, आणखी बारीक. अजून हाकेच्या टप्प्यात होती. एक हाक, त्या आवाजाची फक्त एक हाक, की तो वळला असता, परत आला असता, पावलात पाऊल घालून जन्मभर राहिला असता. नाहीतर दात आवळून, पडत-झडत, नवं पाऊल शिकायचं, जे कुणाला शोभेल न शोभेल, कुणाशी जुळेल न जुळेल.

पाणी चढत होतं. बगळे उठत होते. गाव श्वास धरून बघत होतं. तिनं तोंड उघडलं...

नाही, थांब. तिनं काय केलं ते नंतर. आधी तू सांग, डोळ्यांत बघून सांग. तिथं, त्या बांधावर, त्या उजेडात, तू असतीस, तर तू काय केलं असतंस?